चौथी कुंडी

अकराव्या दिवशी सकाळी ती रोपं उपटून घेतली असती, तरी एका मुठीत मावून जागा उरली असती.

शर्वाणी तांडेल कपाटाएवढ्या रोपपेटीसमोर गुडघे टेकून बसली होती. हातात शाळेतली पट्टी, मांडीवर वही. तिने पहिल्या रोपाला पट्टी लावली, डोळा पट्टीच्या रेषेत आणला आणि आकडा लिहिला. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. चौथी कुंडी मागच्या कोपऱ्यात, पंख्याच्या पलीकडे होती. तिथवर पट्टी न्यायची तर पंखा काढावा लागे, म्हणून ती तिला पाणी नळीने सोडायची आणि तिची मोजणी दर सात दिवसांनी करायची. पुढच्या तिघांच्या पानांच्या कडा तांबूस होऊन वर वळल्या होत्या. सातव्या दिवशी यायला हवं असलेलं तीन पात्यांचं पान अजून कोंबातच होतं.

"वाढली काय गो?" आत्याने ओट्यापासून विचारलं.

"एक मिलिमीटर."

"प्रत्येकी, काय तिघांची मिळान?"

खरं उत्तर 'मिळून' असं होतं, म्हणून शर्वाणीने वही मिटली.

"शर्वाणीताई, कुंडीत पाणी जास्त आहे," पेटीतल्या यंत्रातून बाईचा आवाज आला. तो रोज सकाळी यायचा, तेच वाक्य घेऊन. "आज पाणी देऊ नका."

"ऐक जरा तिचा," आत्या म्हणाली. "पेटीत बसलेली बाई हा ती. तिका आतला दिसता."

"तिला फक्त पानांचा रंग दिसतो, आते. बाकी ती अंदाज करते."

द्वारका तांडेल सव्वीस वर्षं पाटखोलची तर चालवत होती. तर म्हणजे खाडीच्या या काठावरून माणसं पलीकडे माजगूळला नेणारी होडी. पूल होता, पण बावीस किलोमीटर वर. होडी आधी वल्ह्याची होती, मग डिझेलची झाली, आणि गेली नऊ वर्षं बॅटरीवर चालत होती. दोन वर्षांपूर्वी आत्या धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून पडली. मानेच्या मणक्याला मार बसला आणि तेव्हापासून तिच्या उजव्या हाताची बोटं दिवसातून पाच-सहा वेळा आपोआप आवळून मूठ व्हायची. ती सुटायला दहा मिनिटं लागत. गोळी घेतली की मूठ सुटे, पण डोळेही मिटत. गुंगी आणणारं औषध घेऊन सुकाणू धरायचं नाही, असा बंदर खात्याचा नियम होता. त्यामुळे सध्या पलीकडचा एक बदली चालक दिवसातून दोनच खेपा मारत होता, आणि माजगूळची माणसं येता-जाता आत्याला विचारत होती, "तू कधी येतलंस?"

तिचा परवाना एक मार्चला संपत होता. त्याच दिवशी खाडीत चाचणी होती. चाचणीआधी सलग साठ दिवस नव्या औषधावर हात आणि डोकं दोन्ही ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांकडून लिहून आणायचं होतं. ते जमलं नाही तर परवाना गेला तो गेलाच, कारण साठीपुढच्या माणसाला तो नव्याने मिळत नसे. आत्या सहासष्ट वर्षांची होती.

म्हणून ही चार रोपं.

रोपं गांजाच्या कुळातली होती. गावात ही बातमी पसरल्यावर आठवडाभर बरेच लोक आत्याच्या तब्येतीची चौकशी करायला आले. त्यांतले काही गेल्या दहा वर्षांत घराची पायरी चढले नव्हते. आत्याने सगळ्यांना कोकमाचं सरबत पाजलं आणि पेटीच्या दारावर कागद चिकटवला : 'ह्यात नशा नाही. चौकशी करू नये.'

खरोखरच नव्हती. नशा आणणारं जनुक त्या बियांमधून कापून टाकलेलं होतं. उरलेल्या शंभरेक रसायनांमध्ये आखडलेले स्नायू सैल करणारी काही होती, पण एकाच अर्काने एकाला आराम पडे, दुसऱ्याला झोप लागे आणि तिसऱ्याला काहीच होत नसे, कारण प्रत्येकाचं यकृत ती वेगळ्या वेगाने मोडतं. आठ वर्षांपूर्वी या रसायनांचं आपसातलं प्रमाण ठरवणारी पाच जनुकं सापडली, आणि ती बटणासारखी कमी-जास्त करता येऊ लागली. मग रुग्णाचं रक्त तपासून त्याच्यापुरतं जुळवलेलं बी तयार होऊ लागलं, आणि सरकारी योजनेतून ते पेटी आणि पुस्तिकेसह घरी येऊ लागलं. आत्याच्या नावाच्या चार बिया होत्या. वर्षातून एकदाच चार, त्याहून जास्त नाही.

या बियांना आणखी एक गुण दिलेला होता. साधी झाडं रात्रीची लांबी ओळखून फुलतात. पण या कुळाची एक रानटी शाखा फार उत्तरेला, जेमतेम अडीच महिन्यांच्या उन्हाळ्यात जगत आली होती. तिला रात्र मोठी होण्याची वाट बघणं परवडणारं नव्हतं. ती स्वतःचं वय मोजते आणि ठरलेल्या वयाला फुलते. तेच घड्याळ या बियांमध्ये बसवलं होतं, त्यामुळे घरातल्या पेटीत, कुठल्याही ऋतूत, अडीच महिन्यांत पीक हाती येई. अडचण एवढीच की घड्याळ थांबत नाही. सव्विसाव्या दिवशी रोप वीतभर असो की बोटभर, ते फुलायला लागणारच. बोटभर रोपाला बोटभर फुलं. म्हणजे आत्याला आठवडाभराचं औषध.

शर्वाणी तीन वर्षांपूर्वी पाटखोलच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून बदलून आली आणि आत्याकडे राहू लागली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या तिने आजवर तुळससुद्धा लावली नव्हती. पण रुग्णाने स्वतःच्या रोपाला हात लावायचा नाही, असा योजनेचा नववा नियम होता. पहिल्या वर्षी वेदना असह्य झालेल्या काही रुग्णांनी कोवळी पानंच ओरबाडून खाल्ली होती. त्यामुळे देखभालीला दुसरं माणूस लागे. माड, पोफळी, केळी, अळू असलं काहीही डोळे मिटून लावणाऱ्या आत्याने पेटीपासून दूर बसायचं, आणि पेटी सांभाळायची शर्वाणीने.

त्या दिवशी तिने पाणी दिलंच. पुस्तिकेत लिहिलं होतं, 'कुंडीत मातीऐवजी भरलेला काथ्याचा भुसा कोरडा पडू देऊ नये', आणि ती लिहिलेलं पाळणारी होती. शिवाय तिने दिवा चार बोटं खाली आणला, पाण्यातलं आम्ल किंचित वाढवलं, रोपांवर प्लास्टिकचे पेले पालथे घातले आणि खताचा थेंब अर्धा केला.

"एकदम इतक्या?" आत्या लांबच्या खुर्चीतून बघत होती. "पोरांक शाळेत असाच शिकवतंस?"

शर्वाणीचा हात थांबला. प्रयोगशाळेच्या दारावर तिने स्वतःच्या हाताने लिहून लावलं होतं : एका वेळी एकच गोष्ट बदला. तिने तीन पेले काढले, पण दिवा तसाच ठेवला.

बाराव्या दिवशी तिने शाळेतून क्षारमापक आणला. पेनाएवढं यंत्र, पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारं. तिने पहिल्या कुंडीत मोजलेलं पाणी ओतलं आणि खालून गळलेलं वाटीत धरलं. वरून घातलेल्या पाण्याचा आकडा होता शून्य दशांश सहा. खालून आला तीन दशांश चार.

"आते, हा भुसा खारट आहे."

"खारट कसो? आमच्या बायकांनी सात पाण्यात धुतलेलो हा."

भुसा गावातल्याच, पारूच्या काथ्या गटाचा होता. नारळाची सोडणं खाडीकाठच्या खड्ड्यांत कुजवायची, काथ्या काढायचा आणि उरलेला भुसा धुऊन विकायचा. शर्वाणीने जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं. तिला समजावताना आवाज चढवावा लागत नसे, फक्त हात जास्त हलत.

"भुश्याच्या कणाकणावर बसायच्या जागा असतात, आते. एस.टी.सारख्या. तिथे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे येऊन बसतात. कॅल्शियम रोपाला फार लागतं. पण सोडियमने आधीच रुमाल टाकून ठेवले असतील, तर काय होतं? आपण खतातून दिलेलं कॅल्शियम ते रुमाल उठवण्यात खर्ची पडतं, आणि रोप उपाशी."

"आणि धुतलो तो?"

"साध्या पाण्याने मधल्या वाटेत उभे असलेले उतरतात. बसलेले बसूनच. म्हणून गट शेवटी कॅल्शियमच्या पाण्यात भुसा भिजवतो. त्याचे दोन हात, एकदम दोन जागा धरतो. तो आला की रुमालवाले उठतात."

"मग ता केलानी ना गटान?"

"पिशवीवर लिहिलंय खरं. पण आकडा तसं सांगत नाही."

"म्हणजे पारूच्या गटान खोटा लिहिला." आत्याचा आवाज एकाएकी मवाळ झाला होता, पण शर्वाणीचं लक्ष वाटीकडे होतं. "बरां. धू तर मग."

तिने पुढच्या तिन्ही कुंड्या मोरीत नेऊन भरपूर पाण्याने निथळल्या. आकडा खाली आला. ती त्या रात्री गाढ झोपली.

चौदाव्या दिवशी आकडा पुन्हा तीनाच्या वर गेला होता.

भुसा दोन दिवसांत आपोआप खारट होत नाही. विहिरीचं पाणी तपासलं, तर गोडं होतं. खत तपासलं, योग्य होतं. पेटीतली बाई म्हणाली, "पाणी जास्त आहे." शर्वाणी पंख्याशेजारी खाली बसली आणि त्याच वेळी तिला चौथ्या कुंडीची मोजणी आठवली. पंखा काढला.

चौथं रोप साडेसात सेंटिमीटर होतं. तीन पात्यांच्या दोन जोड्या, हिरव्यागार. पुढच्या तिघांपेक्षा त्याला उजेड कमी, वारा कमी. पाणी मात्र तेवढंच. तिने त्या कुंडीतून गाळलेलं पाणी मोजलं. एक दशांश एक.

भुसा एकाच पिशवीतला, पाणी एकाच बादलीतलं. वेगळी फक्त जागा.

तिने चार बाटल्यांमध्ये चार कुंड्यांचं गळतीचं पाणी भरलं, बाटल्यांवर आकडे लिहिले आणि शाळेत गेली. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार लावून तिने चार परीक्षानळ्या मांडल्या आणि प्रत्येकीत सिल्व्हर नायट्रेटचे तीन थेंब सोडले. पाण्यात मीठ असलं की पांढरा साका धरतो, आठवीच्या पुस्तकातला प्रयोग. पहिल्या तीन नळ्या दह्यासारख्या पांढऱ्या झाल्या. चौथी जेमतेम धुरकट झाली.

मीठ. आणि तेही वरून घातलेलं.

ती घरी आली तेव्हा आत्या पडवीत बसून नारळ सोलत होती. सोलायचा लोखंडी सुळा पायात धरून, डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर, मूठ वळलेला.

"आते, चौथ्या कुंडीत मीठ का नाही घातलंस?"

सोडण अर्धं निघालेलं होतं. आत्याने नारळ खाली ठेवला. आधी ती 'कसला मीठ' म्हणेल असं वाटलं, पण तिने तसं म्हटलं नाही.

"हात पोचना नाय थंय," ती म्हणाली. "पंख्याच्या मागे ह्यो हात जायना नाय. डाव्यान सांडला असता."

शर्वाणी तिच्या शेजारी पायरीवर बसली.

"पाचव्या दिवशी बगलंय," आत्या सांगू लागली. "मान टाकलेली तिघांनी. माडाचा रोप असा मलूल झाला तर काय करतत? बुंध्यात चिमटीभर मीठ घालतत. माझ्या आवशीन घातलेला, मी घातलंय, तो बघ केवढो माड झालो. तू शाळेत गेलेलंस. चिमटीभर खडे मीठ घातलंय. चार दिवस काय फरक नाय, म्हणान परत घातलंय. मग तू धुतलंस..."

"मग धुतल्यावर परत घातलंस."

"सगळा धुवन गेला ना! म्हटलां, निदान थोडा तरी रवांदे."

शर्वाणीला हसू आलं ते तिने आवरलं नाही. आत्या मात्र हसली नाही.

"माड खाडीकाठचं झाड, आते. त्याला मीठ मानवतं, थोडं हवंच असतं. ही रोपं बर्फाळ मुलखातली. त्यांना चिमटीभर म्हणजे समुद्र."

"माका काय म्हायत."

"आणि पाचव्या दिवशी त्यांनी मान टाकली होती, ती माझ्यामुळे." हे तिला आत्ता, बोलता बोलता उलगडत गेलं. "मोठी झालेली रोपं रोज पाणी पितात. ही एवढीशी. कुंडी अकरा लिटरची. मुळाला वारा लागू न देता मी दिवसातून दोनदा ओतत होते. पेटीतली बाई रोज ओरडत होती."

"माका पण ती खरीच वाटायची," आत्या म्हणाली. मग सुळा बाजूला सारून, "आता काय करूचा?"

करायचं काय ते सोपं होतं. शर्वाणीने कृषी केंद्रातून कॅल्शियम नायट्रेट आणलं, मोजून पाण्यात विरघळवलं आणि तिन्ही कुंड्या त्या पाण्याने हळूहळू निथळल्या. बसलेले उठले, दोन हातवाले बसले. थोडं मॅग्नेशियमही दिलं. मग तीन दिवस कुंड्यांना हात लावला नाही, हे तिला अवघड गेलं. दिवा मूळ जागी. एका वेळी एकच गोष्ट.

त्याहून अवघड होती ती नोंद.

पेटीच्या पडद्यावर रोजच्या नोंदीची चौकट असे. कुंडीत बाहेरचं काहीही पडलं, तर काय, किती आणि कोणी, हे लिहायचं. रुग्णाने हात लावलेलं रोप नष्ट करायचं. नववा नियम.

"लिही, मीठ पडला," आत्या म्हणाली. "कोणी पाडला ता कित्याक व्हया?"

"पडलं, तेही तीन कुंड्यांमध्ये, तीनदा?"

"मांजर होता म्हण."

"मांजराने खडे मीठ घातलं?"

"तू लय हुशार. तूच सांग मग." आत्याने तोंड फिरवलं. तिचा चेहरा पडवीच्या बाहेर, खाडीकडे होता. संध्याकाळची शेवटची खेप पलीकडे लागत होती, आणि बदली चालकाने होडी धक्क्याला आपटल्याचा आवाज इथवर आला. आत्याने डोळे मिटून घेतले.

शर्वाणी चौकटीसमोर बसून राहिली. कोणालाही कळलं नसतं. तीन रोपं सावरली असती, औषध वाढलं असतं. पण तिला माहीत असलेली एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना.

"आते, तुझी मात्रा या नोंदींवरून ठरणार आहे. रोपाला ताण पडला की त्याच्यातल्या रसायनांचं प्रमाण बदलतं. मीठ लपवलं, तर अर्क काढणारे धरून चालतील की रोप निरोगी वाढलं. मग तुझ्या थेंबात नेमकं काय आहे ते कोणालाच कळणार नाही. कदाचित काही होणार नाही. कदाचित भरतीच्या वेळी, मध्यावर, तुला पेंग येईल."

आत्याने डोळे उघडले.

"होडयेत किती माणसां घेतत आता?"

"सोळा."

"तान्ही पोरां धरून?"

"ती वेगळी."

आत्या हाताकडे बघत होती. उजव्या हाताची मूठ सुटत होती, एकेक बोट.

"लिही," ती म्हणाली. "सगळा लिही. होडयेत बसलेल्या माणसांशी खोटा बोलूचा नाय."

शर्वाणीने लिहिलं : 'खडे मीठ, अंदाजे पाच ग्रॅम, तीन कुंड्यांत प्रत्येकी तीनदा. घालणारी : रुग्ण. कारण : माडाच्या रोपाला घालतात. त्याआधीची चूक : देखभालकर्ती. पाणी जास्त.'

"माझा आधी लिहिलंस," आत्या वाकून वाचत म्हणाली.

"तुझी मोठी आहे."

तपासनीस यायला पंधरा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत रोपांनी दोघींची फार मोठी पंचाईत केली. ती वाढली. सतराव्या दिवशी तीन पात्यांचं पान उघडलं, विसाव्या दिवशी पाच पात्यांचं. शर्वाणी रोज सकाळी आकडा मोठ्याने वाचू लागली आणि आत्या खुर्चीतून त्याला दाद देऊ लागली. सव्विसाव्या दिवशी घड्याळाने आपलं काम केलं. पुढची तिन्ही रोपं जेमतेम वीतभर असताना त्यांच्या शेंड्यांवर पांढरे केस दिसू लागले. चौथं दीड हात झालं होतं आणि पंख्याला ढकलत होतं.

एकतिसाव्या दिवशी बिराजदारसाहेब आले. सांगलीकडचे, उंच, घामाघूम झालेले. आत्याने आधी शहाळं पुढे केलं. त्यांनी ते उभ्या उभ्याच संपवलं, मग वही उघडली, पेटी पाहिली, नोंद वाचली. परत वाचली.

"बाई, आमच्याकडं रानात मीठ फुटलं तर माणूस डोक्याला हात लावून बसतो," ते म्हणाले. "चाळीस-चाळीस एकर क्षारपड होऊन पडलंय. आणि तुम्ही हातानं घालताय व्हय?"

"माडाक चालता," आत्या म्हणाली.

"खरंच चालतं?"

"तुम्ही प्यालात ता काय होता? गोड लागला ना?"

बिराजदारांनी रिकाम्या शहाळ्याकडे पाहिलं. मग शर्वाणीकडे. शर्वाणीने मान डोलावली. माडाला क्लोराइड लागतं, हे तिने दोन वाक्यांत सांगितलं. ते हसले, पण रोपं नष्ट करायचा कागद त्यांनी खिशातून काढलाच.

"हे असं कोणी लिहीत नाही हो. सहा तालुके फिरतो. सगळीकडं मांजर असतंय."

आत्या एकदम खोकली.

"चौथीला यांचा हात लागलेला नाही?"

"पोचत नाही," शर्वाणी म्हणाली. "बघा हवं तर."

त्यांनी पाहिलं नाही. "मग ती राहील. तीन काढावी लागतील. नियम माझा नाही, बाई."

कात्री शर्वाणीने घेतली. तीन बुंधे, तीन आवाज. कुंड्या उलट्या केल्या तेव्हा भुशाभोवती मुळं पांढरीशुभ्र विणली गेली होती, एकही कुजकं नव्हतं. ते बघून ती रडायच्या बेतात होती, तेवढ्यात आत्या मागून म्हणाली, "मुळां काय झाली बघ! शाळेत ने. पोरांक दाखव."

बिराजदार जाताना पायरीवर थांबले. "तीन बियांची बदली मागून शिफारस पाठवतो. पुस्तिकेत मिठाचं कुठं लिहिलेलंच नाही, ही आमची चूक झाली. मिळतीलच असं सांगत नाही."

"आणखी एक न्हेवा," आत्या दुसरं शहाळं घेऊन आली.

डिसेंबरच्या अठरा तारखेला चौथ्या कुंडीचं पीक काढलं. वाळवलं, योजनेच्या अर्क काढणाऱ्या केंद्रावर दिलं. परत आली ती छोटी काचेची बाटली, सोबत चिठ्ठी : पंच्याऐंशी दिवसांची मात्रा. चार रोपांची मिळून वर्षभराची झाली असती.

एकतीस डिसेंबरला सकाळी आत्याने पहिले थेंब जिभेखाली धरले आणि तोंड वेडंवाकडं केलं. चौथ्या दिवशी मूठ तीनदाच वळली. बाराव्या दिवशी एकदा. विसाव्या दिवशी तिने दोन्ही हातांनी नारळ सोलला, आणि एकाही दुपारी ती खुर्चीत पेंगली नाही. शर्वाणी वहीत तारखेपुढे मुठी लिहीत होती. खालच्या अंगाला बरीच शून्यं जमली.

जानेवारीअखेर योजनेची सुधारित पुस्तिका आली. अकराव्या पानावर नवी ओळ होती : 'कोकण विभागाने रोपांना मीठ घालू नये.'

आत्याने ती तीनदा वाचून घेतली. "नाव नाय घातल्यानी माझा?"

"नाही."

"घालूक व्हया होता. अख्ख्या कोकणाक माझ्यामुळे कळला." सोबतच्या कागदावर होतं की बियांची बदली विचाराधीन आहे. तो कागद तिने न वाचताच घडी करून ठेवला.

एक मार्चला सकाळी आठ वाजता ओहोटी जोरात होती. बंदर खात्याच्या परीक्षक बाई होडीत पुढे बसल्या होत्या, मांडीवर फळी, फळीवर कागद. शर्वाणी धक्क्यावर उभी होती. तिला चढायची परवानगी नव्हती. होडी काठापासून सुटली, मध्यावर गेली आणि बाईंनी मोटर बंद करायला सांगितली. ओढ होडीला समुद्राकडे खेचू लागली. आत्याने सुकाणू दाबून होडीचं तोंड ओढीत तिरकं धरलं आणि पाण्यालाच तिला काठाकडे ढकलायला लावलं. घाई नाही, धांदल नाही. होडी धक्क्याला दहा हातांवर आली तेव्हा तिने डाव्या हातात सुकाणू ठेवून उजव्या हाताने दोराचं वेटोळं उचललं.

क्षणभर तो हात तसाच राहिला. मूठ वळत असली तर आत्ता वळणार.

दोर हवेत उघडला आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यात अडकला. होडी आवाज न करता टेकली.

"हात का थांबला होता?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"वारो बगत होतंय," आत्या म्हणाली. "डाव्या अंगान येता आज."

बाईंनी मान वर करून वारा पाहिला. मग लिहिलं. डॉक्टरांचा कागद लावला, औषधाची चिठ्ठी लावली, तीन वर्षांचा शिक्का मारला. औषध असेल त्या दिवशी सुकाणू, नसेल त्या दिवशी नाही, अशी अट खाली लिहून सही घेतली.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "चला, चहा घेऊ."

"तुम्ही घेवा. माझी ही भाची पाजतली." आत्याने मोटर चालू केली होती. पलीकडे माजगूळच्या धक्क्यावर माणसं दिसत होती, आठ-दहा, बाजाराच्या पिशव्या घेतलेली. बदली चालकाची खेप दहाला होती.

"आते, थांब जरा," शर्वाणी वही उघडत म्हणाली. "बाटलीत चोवीस मात्रा उरल्यात. बदलीचं बी मिळेल न मिळेल. चोवीस दिवस नीट वाटून घेऊ, कुठल्या दिवशी किती खेपा..."

"चोवीस खंय? सकाळी घेतलंय तेचो दिवस अजून सरलो नाय." आत्याने दोर खुंट्यातून सोडवला आणि होडी मागे घेतली. "आजचो धरून पंचवीस. आजचो कित्याक सोडतंस?"

आणि ती पलीकडची माणसं आणायला निघाली.